दोनशे चौदा आवाज

गोमा आगिवलेने मेस बांबूची काठी जमिनीत रोवली, तिचं वरचं टोक दातांत घट्ट धरलं आणि डोळे मिटले. बावीस विद्यार्थी वह्या घेऊन भोवती उभे होते. मिनिटभराने त्याने काठी तोंडातून काढली आणि म्हणाला, "खाली तीन हातांवर पाणी चाललंय. उताराला नाय, आडवं. ही झिरप. हिला भ्यायचं नाय."

सह्यगिरी विद्यापीठातला तो सोमवारचा तास होता आणि गोमा तिथे प्राध्यापक होता. त्याला लिहिता येत नव्हतं. अडुसष्ट वर्षं तो पिंगळा डोंगराच्या कुशीतल्या पिंगळवाडीत, अठ्ठेचाळीस घरांच्या ठाकरवाडीत राहिला होता. भूविज्ञान विभागाचे प्रमुख नाईकवडी सर त्याला इथे आणण्यासाठी चार वर्षं झगडले. "आपण या माणसांकडे जातो, माहिती घेतो आणि पुस्तकाच्या शेवटी आभार मानतो," असं त्यांनी विद्वत सभेत सांगितलं होतं. "आता त्यांनी शिकवायचं आणि आपण बाकावर बसायचं." २०४० साली गोमाची नेमणूक झाली आणि त्या दिवशी सर खरोखरच पहिल्या बाकावर जाऊन बसले.

गोमाची मुलगी मंजुळा त्याच विभागात संशोधक होती. विद्यापीठाच्या वसाहतीत ती नवरा आणि मुलीबरोबर राहायची. बाप डोंगराचे आवाज ओळखायचा आणि लेक त्या आवाजांचं गणित मांडायची.

त्या गणिताचं यंत्र म्हणजे 'भूकर्ण'. कल्पना साधी होती. केसाएवढी बारीक काचेची तार डोंगरउतारात हातभर खोल पुरायची आणि तिच्या एका टोकातून लेसरचे झोत सोडायचे, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतात आणि प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश मागे परततो. जमीन अगदी किंचित हलली तरी तिथली तार ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे दहा किलोमीटरची एक तार पुरली की डोंगराला मीटरमीटरावर कान फुटतात.

पण कान फुटले म्हणून अर्थ कळत नाही. भूकर्णाला सगळंच ऐकू यायचं. रानडुकराचं उकरणं, वाऱ्याने ताणलेली मुळं, दूरची एसटी, दगडाखालून जाणारं पाणी. यातलं काय दरडीचं आणि काय रोजचं हे कुणीतरी यंत्राला आवाजागणिक नाव देऊन शिकवायला हवं होतं. हे काम जगात दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. गोमाला जमलं, कारण त्याच्याकडे नावं होती. एकतीस नावं. झिरप, उकर, दाट, मूळताण आणि सगळ्यांत वाईट ती ढील. माती दगडाला सोडायला लागली की जो आवाज येतो, तो नुसत्या कानांनी कळत नाही, जबड्याच्या हाडातून कळतो. गोमाच्या बापाने त्याला तो असाच, काठी दातांत देऊन शिकवला होता.

तीन वर्षांत आठ डोंगरांवरच्या साडेनऊ हजार आवाजांना गोमाने नावं दिली. विद्यार्थी त्याचा शब्द ध्वनिमुद्रित करत आणि मंजुळा तो यंत्रात भरे.

दुसऱ्याच वर्षी, २०४१ च्या पावसाळ्यात, भूकर्णाने करवंदेवाडीवर ढील ओळखली. त्रेसष्ट माणसं सहा तास आधी बाहेर पडली आणि मग अख्खा उतार खाली आला. गोमाचा सत्कार झाला. शासनाने भूकर्ण स्वीकारला आणि डोंगरातल्या प्रत्येक वस्तीचा नकाशा रंगवायचं ठरलं. धोका असेल तिथे लाल, नसेल तिथे हिरवा. लाल वस्ती उठवायची आणि कायमची दुसरीकडे बसवायची.

पिंगळवाडी हिरवी होती.

*

२०४३ च्या फेब्रुवारीत मंजुळाने यंत्राची नवी तपासणी सुरू केली. यात यंत्राला नावं सांगायचीच नाहीत. त्याने आवाज ऐकायचे आणि सारखे वाटतील ते आपले आपण एकत्र लावायचे. मग त्या गटांवर गोमाने दिलेली नावं ठेवून बघायची, की दोन्ही जुळतात का.

सात डोंगरांवर सगळं जुळलं. इतकं, की मंजुळा खुर्चीत बसल्या बसल्या हसली. आठव्या डोंगराशी, नकाशाचं ठरल्यावर सगळ्यांत शेवटी ऐकलेल्या पिंगळ्याशी, मात्र ती थांबली. सातही डोंगरांवर ज्या आवाजाला गोमाने 'ढील' म्हटलं होतं, अगदी तोच आवाज पिंगळ्यावर दोनशे चौदा वेळा आला होता आणि दोनशे चौदाही वेळा त्याचं नाव होतं 'झिरप'.

एकदोनदा चूक झाली असती तर तिने कानांना दोष दिला असता. तिने मुद्रणं लावली. दर वेळी बापाचा शांत आवाज यायचा, "झिरप." पुन्हा, "झिरप."

तिने गोमाला प्रयोगशाळेत बोलावलं. तिथे एक खांब होता, त्यातून मुद्रित केलेली थरथर काठीला देता यायची. "बा, दहा आवाज आहेत. कुठले ते सांगत नाही. तू फक्त नावं सांग."

गोमाने काठी दातांत धरली. पाच आवाजांना त्याने झटपट नावं दिली. सहावा सुरू झाला आणि त्याने काठी सोडली. 

"हा आपला डोंगर हाय," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"तुझा आवाज मला दहा जणींत कळतो, तसाच." त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली. "तुला सापडलं तर."

त्याने नाकारावं, 'वय झालं, ऐकण्यात चूक झाली' असं म्हणावं, असं तिला फार वाटत होतं.

"बा, तू खोटं का सांगितलंस? तिथे ठमाकाकू आहे, तिची नातवंडं आहेत. अठ्ठेचाळीस घरं आहेत!"

"म्हणून तर." गोमा खाली जमिनीवर बसला. खुर्चीत त्याला मोठं बोलणं जमायचं नाही. "माझ्या आज्यापासून पिंगळा ढिला होतोय. दरसाली वीतभर, दोन विती खाली सरतो. सरतो, पडत नाय. ढील आली की आमी उठायचो आन वरच्या पठारावर जायचो. तितं कातळ हाय, ते हलत नाय. दोन महिनं वर झोपड्या घालून ऱ्हायचं, नवरात्र झालं की खाली उतरायचं. कारवीची घरं. मोडली तर आठ दिसांत उभी. हे तुमच्या यंत्राला कोण सांगणार? त्याला दोनच रंग."

"पण पठारावर आता सौर प्रकल्प आहे. कुंपण आहे तिथे."

"मागच्या अंगानं एक भगदाड हाय कुंपनाला. गेल्या साली तितून गेलो. दर सुट्टीला मी वाडीवर जातो ते काय आंबं खायला? काठी लावतो. चल म्हटलं की वाडी चालते."

"आणि नाही कळलं एखाद्या वेळी?"

गोमाने भिंतीशी ठेवलेली काठी ओढून मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाला, "तिसरा रंग घाल की, मंजे. तू येवढी शिकलीस."

*

तिने तो घालायचा प्रयत्न केला. आधी नाईकवडी सरांना सगळं सांगितलं. ऐकताना सर एकदम म्हातारे दिसायला लागले. गोमाला इथे आणण्याला ज्यांनी विरोध केला होता त्यांची नावं सरांच्या डोळ्यांपुढे आली असणार. 

मंजुळाने कागद पुढे केला. पिवळा रंग. वस्ती उठवायची नाही, ढील आली की पावसाळ्यापुरती पठारावर न्यायची. प्रकल्पाने दोन महिने कुंपण उघडायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं आहे आणि हेही ज्ञानच आहे.

"पटतंय मला," सर म्हणाले. "मी पाठवतो. पण मला एक सांग. वर कधी जायचं हे कोण ठरवणार? यंत्र म्हणेल ढील आहे. पिंगळ्यावर ती दरसाल असते. यंदाची सरायची की पडायची, हे यंत्राला कळतं?"

"नाही."

"गोमाबाबांना?"

"त्यांना कळतं."

"ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्यानंतर कोणाला कळणार आहे? तुला?"

सहाव्या वर्षी तिला आश्रमशाळेत घातलं होतं. ज्या वयात गोमाच्या बापाने त्याच्या दातांत काठी दिली, त्या वयात ती पन्नास मैलांवर पाढे म्हणत होती. मोठेपणी तिने शंभरदा काठी धरली. तिला नुसती गुणगुण यायची. वाडीतल्या तिच्या वयाच्या कुणालाच त्याहून जास्त ऐकू यायचं नाही, सगळे त्याच शाळेत होते. बावीस विद्यार्थ्यांपैकी दोघींना झिरप आणि उकर ओळखता येत होती. ढील कुणालाच नाही. ती एखाददुसऱ्या वर्षात येणारी गोष्टच नव्हती.

पिवळ्या रंगाचा कागद जिल्ह्याला गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की प्रकल्पाचं क्षेत्र प्रतिबंधित असून धोक्याचे वर्ग दोनच आहेत. सोबत विचारलं होतं, की पिंगळवाडी नेमकी कुठल्या वर्गात येते, ते कळवावं.

त्या दिवशी दुपारी मंजुळाने संगणक उघडला. एकदम सगळी नावं बदलता आली असती, पण तिने एकेक बदललं. आवाज लावायचा, बापाचा शब्द ऐकायचा, तो खोडायचा आणि 'ढील' लिहायचं. दोनशे चौदा वेळा. संपलं तेव्हा बाहेर पोरं क्रिकेट खेळून घरी चालली होती. शेवटचं नाव लिहिताच पिंगळवाडी पडद्यावर लाल झाली.

*

चौकशी समितीपुढे गोमाला खुर्ची दिली होती. अध्यक्षांनी सभ्यपणे विचारलं, "आपण जाणूनबुजून चुकीची नावं दिलीत का?"

"व्हय."

"आपल्याला काही सांगायचं आहे?"

"बाकीची खरी हायेत. ती खोडू नका. त्या डोंगरांवर मान्सं हायेत."

तीच काळजी होती त्याला. समितीने बाकीच्या नावांची पुन्हा तपासणी केली आणि ती सगळी बरोबर निघाली. गोमाची नेमणूक मात्र संपली. अभ्यासक्रम चालू राहिला, कारण आता तो तेरा विद्यापीठांत शिकवला जात होता. तिथली मुलं कानांना यंत्र लावून बसत आणि गोमाच्या आवाजात ऐकत, "ही झिरप. हिला भ्यायचं नाय." काठी लावायला बाहेर जायचं कारण उरलं नव्हतं. गोमाचा तास आता मंजुळा घेई आणि तिथेही हेच होई. तेव्हा ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहायची.

मे महिन्यात पिंगळवाडी उठली. अडतीस किलोमीटरवर, महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या छपरांच्या चार ओळी बांधल्या होत्या. गाड्या आल्या तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. बायकांनी चुलीचे दगड उचलून घेतले. ठमाकाकूंनी एक चक्कर वाडीमागे मारली. त्यांचा किसन दीड वर्षाचा असताना गेला होता, त्याला तिथे मोहाखाली पुरलं होतं. त्या परत आल्या आणि गाडीत चढल्या.

गोमाही त्या पत्र्याच्या वसाहतीतच राहायला गेला. मंजुळाने आपल्या घरी चल म्हणून खूप विनवलं. "वाडी जिथं, तितं मी," एवढंच तो म्हणाला. भांडला नाही. ती भेटायला गेली की पाणी द्यायचा, नातीची चौकशी करायचा. बोलणं मात्र आटलं होतं. आल्यावर त्याने तिथे एकदा काठी लावून पाहिली होती, असं शेजाऱ्याने तिला सांगितलं. ट्रकांशिवाय काही ऐकू आलं नाही. मग ती काठी त्याने घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवून दिली.

पहिला पावसाळा गेला. पिंगळा जागच्या जागी होता. दुसरा गेला. वसाहतीतली तरुण माणसं गोदामांत कामाला लागली, म्हातारी पत्र्याखाली उकाड्यात बसून राहिली. दोन वर्षांत सात म्हातारी गेली. कुठल्या रोगाने असं डॉक्टरांना नीट सांगता येत नव्हतं.

एकदा मंजुळा वसाहतीत शिरत असताना नळावरून ठमाकाकूंनी हाक मारली. "मंजे, तुझा डोंगर पडला का गं?"

नळावरच्या सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

"नाही, काकू."

"मंग कदी पडायचाय?"

हे त्या चिडून विचारत नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मंजुळा तशीच परत फिरली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी विभागात आल्यावर आधी पिंगळ्याचा आलेख उघडायची. बघता बघता तिच्या लक्षात आलं, की आपण धोका वाढला आहे का हे बघत नाही, तो वाढावा म्हणून बघतो आहोत. हा डोंगर पडावा असं आपल्याला वाटतं. ज्याच्या अंगावर आपण रांगायला शिकलो तो कोसळावा आणि आपण खऱ्या ठरावं. तिने आलेख बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला.

*

तिसऱ्या वर्षी, २०४५ च्या भाद्रपदात, तो पडला.

भूकर्णाने नऊ तास आधी इशारा दिला होता, दरसाल द्यायचा तसाच ढिलीचा. सकाळी अकराच्या सुमाराला पिंगळ्याची सगळी पूर्वेकडची कूस सुटली. ड्रोनने पाठवलेली चित्रं विभागात मोठ्या पडद्यावर लावली. वाडी कुठे होती हे दाखवायला मंजुळाला नकाशा वर ठेवावा लागला, इतकं काही उरलं नव्हतं. वर पठाराची कड मात्र जशीच्या तशी होती. सौर पट्ट्यांच्या रांगा ओल्या उन्हात चमकत होत्या, त्यांतली एकही हललेली नव्हती.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. जीवितहानी शून्य. कुलगुरूंचा अभिनंदनाचा निरोप आला. नाईकवडी सर तेवढे टाळ्या न वाजवता उभे होते. ते मंजुळाजवळ आले आणि म्हणाले, "तू जा. गाडी घेऊन जा माझी."

अडतीस किलोमीटरच्या रस्त्यावर तिच्या मनात एकच गोष्ट होती. आता तरी त्यांना कळेल. ठमाकाकू जवळ घेतील. बा म्हणेल, पोरी, तू वाचवलंस.

वसाहतीत शिरल्यावर तिला रडणं ऐकू आलं. आधी वाटलं, कुणीतरी गेलं. चारही ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळी वाडी खाली बसली होती. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर लावून, मयतावर रडतात तशा रडत होत्या. पुरुष कडेने बसले होते आणि म्हाताऱ्या पुरुषांची डोकी नुकतीच भादरलेली होती. गोमाचंही. त्याच्या डोक्याची पांढरी, नाजूक कातडी तिने जन्मात पाहिली नव्हती.

ठमाकाकू छाती पिटत म्हणत होत्या, "माझा किसन पुन्यांदा गाडला गं! इतक्या मातीखाली गाडला! आता त्याला मी कुठं शोदू?"

मंजुळा कडेला उभी राहिली. मयताला येणाऱ्या प्रत्येक बाईला गळ्यात घेऊन रडायची रीत होती. तिच्याकडे कुणी आलं नाही. कुणी रागाने पाहिलंही नाही.

बऱ्याच वेळाने ती बापाजवळ जाऊन उभी राहिली. तिला विचारायचं नव्हतं, पण न विचारता ती जगू शकली नसती.

"बा. आपण तिथे असतो तर तुला कळलं असतं का? यंदा पडणार म्हणून?"

गोमाने मान वर केली. त्याचे डोळे सुजले होते. तो 'व्हय' म्हणाला असता तर सगळी वाडी त्याच्या बाजूने उभी राहिली असती. 'नाय' म्हणाला असता तर मंजुळा सुटली असती.

त्याने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"ठावं नाय," तो म्हणाला. "कान कमी आलाय. कळलं असतं, नसतं... ठावं नाय, मंजे."

मग तो बसल्या जागी थोडा सरकला. शेजारच्यालाही त्याने हाताने सरकायला लावलं. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा झाली.

मंजुळा खाली बसली. पहिल्यांदा तिला रडूच आलं नाही. मग पलीकडून ठमाकाकूंचा सूर पुन्हा वर चढला, तशी ती आश्रमशाळेत पहिल्या दिवशी रडली होती तशी रडायला लागली. गोमाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचा हात मात्र तिच्या पाठीवर येऊन थांबला.

दहा दिवस वाडी सुतक पाळणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या सावलीत बसून मंजुळाने विद्यापीठाकडे रजेचा अर्ज भरला. 'कारण' विचारलं होतं तिथे तिने 'घरी मृत्यू' असं लिहिलं. त्याखाली 'मृताशी नाते' असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. तिने एकदा लिहून खोडलं. मग तिने लिहिलं, 'माहेर', आणि अर्ज पाठवून दिला.